मशीनची शिंक

हे तुम्हाला खोटं वाटणार आहे. वाटू दे. या घरात माझ्या गोष्टीवर विश्वास ठेवणारा एक जरी माणूस निघाला तर मी मिशी उतरवून ठेवीन, असं मी म्हणालो, तेव्हा आमची ताई म्हणाली, "तुला मिशी आहेच कुठे?"

ताईचं हे असं असतं. गोष्ट अजून चपला काढून आत आलेली नसते, तोवर ही तिला दारातच अडवते.

रविवारची दुपार होती. ताईच्या नवव्या मजल्यावरच्या बाहेरच्या खोलीत आम्ही चौघं बसलो होतो. ताई, आमची ही, मी आणि ताईची नवी सून. ही भाचेसून शाळेत गणित शिकवते. घरात येऊन तिला थोडेच महिने झाले होते आणि माझ्या बोलण्यातलं किती घ्यायचं, किती सोडायचं याचा तिला अजून अंदाज आलेला नव्हता. असा श्रोता मिळायला नशीब लागतं.

तिनेच विषय काढला. "मामा, आई लिफ्टमध्ये शिरायच्या आधी दाराकडे असं का बघतात? चोर पकडल्यासारखं?"

"तिला विचारलंस?"

"विचारलं. म्हणाल्या, तुझ्या मामेसासऱ्यांना विचार, त्यांचाच उद्योग आहे तो."

आता तुम्हीच सांगा, एवढं निमंत्रण आल्यावर मी गप्प बसायचं का?

तर मी नोकरीत होतो तेव्हाची गोष्ट. आमची कंपनी लिफ्टचं डोकं बनवायची. लिफ्ट नव्हे, तिचं डोकं. कोणत्या मजल्यावर कोणी बटण दाबलं, आधी कुणाकडे जायचं, दार केव्हा लावायचं, हे ठरवणारा प्रोग्रॅम. बाकीचे लोक तो लिहायचे आणि मी त्याच्यावर संशय घ्यायचो. या कामाचा पगार मिळायचा. आधी आम्ही बटणं हाताने दाबून बघत असू. पुढे चाचण्या घ्यायलाही प्रोग्रॅमच आले. मशीनच्या पोटात एक खोटी इमारत, तिच्यात खोटी लिफ्ट, खोटी माणसं. ती खोटी माणसं खोटी बटणं दाबत सुटायची. सगळं नीट झालं की भिंतीवरचा पडदा हिरवा. कुठे चुकलं की लाल.

"म्हणजे सगळा खोट्याचाच कारभार," आमची ही म्हणाली. "तरीच यांना ती नोकरी लागली."

मी न ऐकल्यासारखं केलं आणि पुढे गेलो. या चाचण्या फार सावकाश चालायच्या. किती सावकाश? आमचा एक प्रोग्रॅमर गुळगुळीत दाढी करून चाचण्या लावायला बसायचा आणि पडदा हिरवा होईपर्यंत त्याची दाढी टेबलाला टेकलेली असायची.

भाचेसुनेने गणितवाल्या नजरेने माझ्याकडे पाहिलं.

"बरं, सकाळी लावल्या की संध्याकाळी संपायच्या," मी तडजोड केली.

दिवसभर सगळे पडद्याकडे डोळे लावून बसलेले. साहेब येरझारा घालताहेत, कारण त्यांनी गिऱ्हाइकाला तारीख देऊन ठेवलेली. साहेबांचे बूट असे वाजायचे की ऐकणाऱ्याला आपलं कोणतं काम राहिलं आहे ते आपोआप आठवायचं. अशात एक नवी इंजिनिअर आली. तिचं खरं नाव मी कधी घेतलं नाही, आम्ही तिला झटपटबाई म्हणायचो. जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढणारी, समोरच्याचं वाक्य तो संपवायच्या आत समजणारी. अशा माणसावर मी लगेच नजर ठेवतो.

आल्या आठवड्यातच तिने मीटिंग बोलावली आणि फळ्यावर तीन बदल मांडले.

पहिला असा, की प्रोग्रॅमचा जो भाग बदलला, त्याच्याशी संबंध असलेल्याच चाचण्या दिवसा लावायच्या.

"म्हणजे स्वयंपाकघरातला नळ बदलला तर स्वयंपाकघरच तपासायचं," मी म्हणालो. "आणि पाणी न्हाणीघरात झिरपलं तर?"

"सगळ्या चाचण्या रात्री एकदा चालतीलच, काका. दिवसा फक्त चटकन कळण्यापुरत्या."

दुसरा बदल असा, की एकाच मशीनवर एकामागून एक चाचण्या घेण्यापेक्षा त्या एकाच वेळी शेजारी-शेजारी चालवायच्या. दिवसाचं काम तासावर येईल.

"एकमेकींच्या पायात पाय नाही अडकणार?"

"अडकले तर तेही कळेलच की."

तिच्याकडे सगळ्याला उत्तर तयार होतं. ज्याच्याकडे सगळ्याला उत्तर तयार असतं त्याच्यावर माझा विश्वास बसत नाही. मी स्वतः तसाच आहे ना.

तिसरा बदल शिंकेचा होता. हे जरा नीट सांगायला हवं. आमच्या ऑफिसात एक रीत पडली होती. एखादी चाचणी विनाकारण लाल झाली, म्हणजे कुणी काही बदललेलं नाही आणि तरी लाल, की लोक म्हणायचे, "मशीनला शिंक आली." मग पुन्हा बटण दाबायचं. दुसऱ्या खेपेला हिरवं झालं की झालं. शिंकेचं कारण कोण शोधतो? सगळ्यात जास्त शिंकायची ती दाराची चाचणी. दार पूर्ण लागल्याशिवाय लिफ्ट हलता कामा नये, एवढंच ती बघायची. दहा वेळा हिरवी व्हायची, मध्येच एकदा लाल, आणि पुन्हा दाबली की गरीब गाय.

झटपटबाईचं म्हणणं, हे पुन्हा दाबणं मशीनलाच करू द्या. चाचणी लाल झाली तर मशीन ती आपणहून तीनदा घेईल. एकदा जरी पास झाली तरी काम पुढे सरकेल, पण पडदा हिरवा न होता पिवळा होईल. "पिवळा म्हणजे काम थांबवायचं नाही, पण कुणीतरी कारण शोधायचं."

मला हा बदल अजिबात पटला नाही. "तीनदा विचारायचं आणि एकदा हो म्हटलं की हो धरायचं? मग दोनदा नाही म्हटलं त्याचं काय?"

"तुम्ही बोलू नका," आमची ही मध्येच म्हणाली. "मला चारदा विचारलंत तुम्ही."

"आणि तू हो म्हणालीस ना शेवटी."

"तेच म्हणते. आधीच्या तीन वेळी मी काय म्हणत होते ते कुणी ऐकलंच नाही."

ताई हसून हसून खोकली. भाचेसुनेने तिला पाणी दिलं. बायकोपुढे कुठलाच मुद्दा टिकत नाही, पण इथे ती नकळत माझ्याच बाजूने बोलली होती, म्हणून मी तो अपमान गिळला.

मीटिंगमध्ये साहेबांनी पहिले दोन बदल लगेच उचलले. तिसरा त्यांना फारच आवडला, पण पिवळा रंग आवडला नाही. "गिऱ्हाईक ऑफिस बघायला येतं. पिवळं दिसलं की शंका काढतं. पास ते पास. हिरवंच ठेवा."

"पिवळा नसेल तर बदल नको," झटपटबाई म्हणाली.

"बघू," साहेब म्हणाले. साहेबांचं 'बघू' म्हणजे बघून झालेलं असतं.

मी घरी गेलो तो पाणी कुठेतरी मुरतंय हे ओळखूनच. साहेबांना एवढी घाई कसली? दुसऱ्या दिवशी कळलं. नवा प्रोग्रॅम आधी एका इमारतीत बसवून बघायचा होता. इमारत नऊ मजली, लिफ्ट जुनी, भाडेकरू बहुतेक म्हातारे. पत्ता वाचला आणि माझ्या हातातला चहा थंड झाला.

"हीच इमारत," ताई म्हणाली.

"हीच. आणि नवव्या मजल्यावर तू. गुडघे गेलेली, रोज संध्याकाळी लिफ्टने खाली फिरायला जाणारी."

"पण मामा," भाचेसून म्हणाली, "प्रोग्रॅम चुकला तरी दाराला वेगळं कुलूप असतं ना? लोखंडी?"

हुशार पोर. "असतं. दार उघडं असेल तर ते कुलूप लिफ्टला हलूच देत नाही. पण इथलं कुलूप झिजलं होतं. कधी धरायचं, कधी नाही."

"आम्ही तीन तक्रारी केल्या होत्या," ताई म्हणाली.

"म्हणून सांगतो, त्या लिफ्टला अक्कल होती ती सगळी आमच्या प्रोग्रॅमची. आणि प्रोग्रॅमला येत होती शिंक."

मग मी हाडाचा संशयी झालो. आधी सफाईवाल्या मावशींवर संशय घेतला, त्यांच्या झाडू मारायच्या यंत्राने मशीनची वायर हलत असेल म्हणून. त्यांनी माझ्यासमोर झाडू मारला. शिंक आली नाही. उलट मलाच चार आल्या. मग झटपटबाईवर घेतला. चाचण्या शेजारी-शेजारी चालायला लागल्यापासून दाराची चाचणी पूर्वीपेक्षा दुप्पट शिंकत होती. झालं, चोर सापडला. मी तिच्या टेबलापाशी गेलो आणि म्हणालो, "तुझा दुसरा बदल मागे घे. तुझ्या गर्दीने माझी चाचणी बिघडली."

ती म्हणाली, "तुमची चाचणी आधीपासून बिघडलेली आहे, काका. किंवा ती ठीक आहे आणि दुसरंच काही बिघडलंय. मला बघू द्या."

"केव्हा बघणार?"

"साहेबांनी दिलेली बाकीची कामं झाल्यावर."

म्हणजे ही साहेबांच्या गोटातली. मी मनात नोंद केली.

शेवटी मी मशीनवरच पाळत ठेवली. खुर्ची घेऊन समोर बसलो. आणि तेव्हा जे लक्षात आलं ते सांगायला माझीही जीभ जड होते. मशीन माणूस बघून रंग बदलत होतं. मी बसलो की लाल. साहेबांचे बूट वाजले की हिरवं. मी खात्री करून घ्यायला साहेबांचा कोट आणून खुर्चीच्या पाठीला लावला आणि स्वतः कपाटाआड गेलो. दिवसभर हिरवं. एक शिंक नाही. कोटाच्या खिशात रुमाल होता, बहुतेक त्याचाही वास घेत असेल.

"मशीन वास घेतं?" भाचेसुनेने विचारलं.

"साहेबांच्या ऑफिसात राहून राहून सवय लागते."

"त्या दिवशी चाचण्या लावल्या होत्या का पण कुणी?" तिने विचारलं.

मी कप उचलून चहाचा घोट घेतला. गोष्टीत थोडी हवा खेळती राहायला हवी.

तर मग एका सकाळी मी ऑफिसात आलो आणि पडदा बघतो तर नुसता हिरवागार. दाराची चाचणी हिरवी. दुपारी हिरवी. दुसऱ्या दिवशी हिरवी. लोक खूश. कुणीतरी म्हणालं, मशीनची सर्दी गेली. मी मात्र पडद्याच्या आणखी जवळ गेलो. इतकी वर्षं शिंकणारा माणूस एका रात्रीत शिंकायचा थांबला, तर आधी तो जिवंत आहे का ते बघावं.

साहेब म्हणाले, "काका, आता तरी हसा."

"काय बदललं, साहेब?"

"काही नाही. जरा व्यवस्थित केलं."

'जरा व्यवस्थित' म्हणजे तिसरा बदल, पिवळ्याशिवाय. मशीन गुपचूप तीनदा विचारत होतं आणि एकदाच्या होकारावर हिरवा पडदा लावत होतं. कुंपणच शेत खात होतं आणि शेत हिरवं दिसतंय म्हणून आम्ही टाळ्या वाजवत होतो. मी साहेबांच्या खोलीत जाऊन भांडलो. साहेब बॅग भरत होते. प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशी सकाळी ताईच्या इमारतीत बसवायचा हे ठरलं होतं आणि ते स्वतः त्याच दुपारच्या विमानाने परगावी निघाले होते.

"तुमची बहीण राहते तिथे, म्हणून तुम्ही भावनेच्या भरात बोलताय," ते म्हणाले.

"तुमची तिथे राहत नाही, म्हणून तुम्ही विमानात बसताय."

एवढं मी खरंच बोललो. आमच्या हिला विचारा, घरी येऊन मी तिला तेव्हाच सांगितलं होतं.

"सांगितलं होतंत," ही म्हणाली. "पण साहेब गेल्यावर बोललात की आधी, ते नव्हतं सांगितलं."

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोग्रॅम बसला. मी ताईला फोन केला तर ती उचलेना.

"मी डाळ निवडत होते," ताई म्हणाली.

दुपार कलली आणि झटपटबाई माझ्याकडे आली. एरवी धावत येणारी, ती चालत आली. तेव्हाच मी समजलो. ती म्हणाली, "काका, शिंक खरी आहे."

मी तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. काल साहेबांची कामं करणारी ही आज मला हे का सांगतेय? हे माझ्या गळ्यात घालायचं आहे का? मी म्हणालो, "पुरावा?"

तिने दाखवला. मशीनच्या पोटातली ती खोटी लिफ्ट सहाव्या मजल्यावर उभी. दार लागत आलेलं. तेवढ्यात कुणीतरी दारात हात घातला, म्हणून दार पुन्हा उघडलं. नेमक्या त्याच क्षणी वरून आणि खालून दोघांनी बटणं दाबली. प्रोग्रॅमला 'दार लागतंय' हा मघाचा निरोप आठवत होता आणि 'दार उघडलं' हा ताजा निरोप गर्दीत मागे राहिला होता. प्रोग्रॅमने जुन्या निरोपावर भरवसा ठेवला आणि लिफ्ट निघाली. दार उघडं ठेवून. खोट्या माणसाचा खोटा हात अजून दारातच होता.

"चाचण्या एकेक करून चालायच्या तेव्हा मशीनला सवड असायची, म्हणून हे क्वचित व्हायचं," ती म्हणाली. "शेजारी-शेजारी चालवल्या आणि गर्दी झाली, तेव्हा जास्त दिसलं. गर्दीने चूक केली नाही, काका. होती ती दाखवली. खऱ्या इमारतीत संध्याकाळी अशीच गर्दी असते."

"आणि तीनदा विचारल्यावर दोनदा ती नीट वागते."

"तीच माझी चूक. पिवळा काढल्यावर मी तो बदल चालू ठेवायला नको होता. मला वाटलं, नंतर बघू."

माझ्या डोक्यातला तिच्यावरचा सगळा संशय एका वाक्यात उतरला. मला जरा रिकामं रिकामंच वाटलं. मी म्हणालो, "साहेबांना फोन कर."

"विमानात आहेत. लिफ्टच्या मेकॅनिकला केला. तो निघालाय, पण शहराच्या दुसऱ्या टोकाला आहे. इमारतीच्या रखवालदाराचा फोन लागत नाही."

मी घड्याळाकडे पाहिलं. ताईची फिरायला निघायची वेळ. फोन केला. उचलेना.

"तेव्हा मी चपला शोधत होते," ताई म्हणाली.

पुढचं सांगण्याआधी एक सांगून टाकतो, नाहीतर घाईत राहून जाईल. साहेब परत आल्यावर झटपटबाईने पुन्हा मीटिंग बोलावली. पुन्हा तेच तीन बदल फळ्यावर. पहिला राहिला. दुसरा राहिला, त्याच्यासाठी तर मीच हात वर केला. तिसऱ्यावर दोन तास वाद झाला. एक म्हणाला, मशीनला पुन्हा विचारूच देऊ नका. मग दुसरा म्हणाला, तसं केलं तर प्रत्येक शिंकेला सगळं ऑफिस ठप्प होईल आणि लोक चाचण्याच बंद करतील. दोघांचंही खरं होतं. शेवटी असं ठरलं, की मशीनने हवं तर पुन्हा विचारावं, पण पडदा पिवळा व्हायलाच हवा, आणि पिवळा पडदा असताना प्रोग्रॅम कोणत्याही इमारतीत जाणार नाही. साहेबांनी सही केली. त्यांनी नेमकी कशावर सही केली ते मी त्यांच्या खांद्यावरून वाकून वाचलं. सवय.

"ते असू दे मामा," भाचेसून म्हणाली. तिचा चहा तसाच राहिला होता. "आईंचं काय झालं? त्या लिफ्टमध्ये होत्या?"

हे बघा, श्रोता कसा असावा तो. मी खुर्चीत पुढे सरकलो.

मी ऑफिसातून निघालो तो असा पळालो की माझी सावली सिग्नलला अडकली आणि मी पुढे. इमारतीत शिरलो तर लिफ्टपाशी ही गर्दी. कामावरून आलेली माणसं, शाळेतून आलेली पोरं, प्रत्येकाचं बोट बटणावर. मी ओरडलो, कुणी आत जाऊ नका. मला कोण ओळखतो? लिफ्ट आली, दार उघडलं. मी म्हटलं, यात कुणी मरायचं असेल तर मी. सगळ्यांना दोन हातांनी मागे सारलं आणि एकटा आत शिरलो.

"एकटा?" भाचेसून म्हणाली.

"एकटा. दार लागत आलं, तेवढ्यात एका पोराने दप्तर आत घातलं. दार उघडलं. वरून बटण, खालून बटण. आणि लिफ्ट निघाली. दार सताड उघडं. समोरून भिंत खाली चाललीय, विटा मोजता येताहेत. पहिला मजला गेला, दुसरा गेला. प्रत्येक मजल्यावर लोक उभे, माझ्याकडे बघताहेत, मी त्यांना हात करतोय. तिसऱ्या मजल्यावर एक बाई भाजी घेऊन उभी होती. तिने मला जाता जाता विचारलं, वर की खाली? मी म्हटलं, ठरलं नाही अजून."

आमच्या हिने कपाळाला हात लावला, पण भाचेसून तोंड उघडं टाकून ऐकत होती, म्हणून मी थांबलो नाही.

"मी सगळी बटणं एकदम दाबली. म्हटलं, हिला एवढी गर्दी दाखवू की हिचं डोकंच बसेल. तर ही पिसाळली. नववा मजला आला, आणि दारात कोण? ताई. हातात पिशवी. एक पाय उचललेला. मी ओरडलो, ताई, मागे हो. लिफ्ट नववा मजला ओलांडून वर. दहावा. अकरावा."

"इमारत नऊ मजली आहे ना?" भाचेसून म्हणाली.

"तेच तर. गच्चीच्या वरून शहर दिसलं मला त्या उघड्या दारातून. कबुतरं आत आली. मी मनात म्हटलं, आता खाली आलो तर ताईला उचलूनच नेईन. आणि लिफ्ट उलटी फिरली, नवव्यावर आली, मी उडी मारली, थेट ताईच्या पुढ्यात, दोन्ही पायांवर, आणि..."

"अरे, किती खोटं बोलशील?" ताई म्हणाली. "लिफ्टच्या उंबऱ्याला पायसुद्धा लावला नाहीस तू. नऊ मजले जिन्याने चढून आलास, चेहरा पांढराफटक. माझ्या हातातली पिशवी ओढून घेतलीस आणि त्या जिन्यात फतकल मारून रडत बसलास."